समासाची रेघ आणि मजकुराचे गुण

"सर, किती पानं लिहायची?" स्वाध्यायाचा विषय फळ्यावर लिहून खडू खाली ठेवायच्या आत हा प्रश्न येतो. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना समाजशास्त्र शिकवताना गेल्या एकवीस वर्षांत एकही वर्ष या प्रश्नावाचून गेलेले नाही. त्याच्या मागोमाग आणखी दोन-तीन ठरलेले प्रश्न येतात: फाइल करायची की नुसती पाने टाचायची, पानाच्या एकाच बाजूला लिहायचे की दोन्ही बाजूंना, निळा पेन चालेल का. कशाला किती गुण मिळणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि विचारले असते तर पहिली दहा-बारा वर्षे माझ्याकडेही त्याचे उत्तर नव्हते, हे आधीच कबूल केलेले बरे.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या लेखनाला नियम नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. नियम भरपूर आहेत, फक्त ते सगळे कागदाचे आहेत, मजकुराचे नाहीत. डावीकडे समासाची रेघ हवी. पहिल्या पानावर महाविद्यालयाचे नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि 'मार्गदर्शक' म्हणून प्राध्यापकाचे नाव हवे. दुसऱ्या पानावर प्रमाणपत्र, तिसऱ्यावर ऋणनिर्देश, चौथ्यावर अनुक्रमणिका. लाल शाई वापरायची नाही, कारण ती तपासणाऱ्याची. आणि मजकूर हस्तलिखितच हवा. बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ही पहिली चार पाने छापील मिळतात, नाव तेवढे घालायचे असते. पाचव्या पानापासून जे सुरू होते त्याने काय सिद्ध करावे, कशाच्या आधारे करावे, दुसऱ्याचे घेतले तर कसे सांगावे, याविषयी मात्र नियमपत्रक गप्प असते, कारण ते नियमपत्रक मुळात लिहिलेच गेलेले नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे. लिहिण्याआधी निकष लेखी स्वरूपात विद्यार्थ्याच्या हातात पडलेला नसेल आणि लिहून झाल्यावर शेऱ्यासह कागद त्याला परत मिळणार नसेल, तर दिलेल्या गुणाला मूल्यमापन म्हणता येत नाही; ती फार तर कागद जमा केल्याची पोच असते. हे म्हणणे काही नवे नाही, परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना 2024-25 पासून नवा आराखडा लागू झाल्यानंतर त्याकडे काणाडोळा करण्याची सोय उरलेली नाही. सत्रान्त परीक्षेच्या जोडीला सातत्यपूर्ण अंतर्गत मूल्यमापन आले, त्यातला बराच भाग लेखी स्वाध्यायावर उभा आहे, आणि हे अंतर्गत गुण शेवटी दहा बिंदूंच्या श्रेणीत मिसळतात. 'ओ' म्हणजे दहा, 'ए प्लस' म्हणजे नऊ, उतरत उतरत 'पी' म्हणजे चार आणि 'एफ' म्हणजे शून्य, अशा या शिडीवर एक-दोन गुणांनी पायरी बदलते, आणि ती पायरी गुणपत्रकावर कायमची राहते.

तरीही अंतर्गत गुणांची यादी कशी भरली जाते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या महाविद्यालयात होतो तेथे वीसपैकी अकरा, नऊ, चौदा असे गुण असलेली माझी यादी पाहून वरिष्ठांनी मला बोलावून घेतले होते. ते रागावले नव्हते, उलट समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, पोरगं विद्यापीठाच्या पेपरात दोन मार्कांनी अडकलं तर तुमच्या ह्या नऊचं काय करायचं? सगळ्यांना सतरा-अठरा टाका, कुणाचं नुकसान नाही." त्यांच्या बोलण्यातली कणव खरी होती. पण नुकसान नाही हे खरे नव्हते. ज्या मुलीने चार संध्याकाळी ग्रामपंचायतीत बसून जुन्या नोंदवह्या चाळल्या होत्या तिला अठरा मिळाले, आणि तिच्या शेजारच्या बाकावरच्याला गाइडातली सात पाने उतरवून तेवढेच मिळाले. त्या मुलीने पुढच्या सत्रात काय केले असेल हे वेगळे सांगायला नको. तिने गाइड विकत घेतले.

काही वर्षांपूर्वी 'मराठवाड्यातील पाणीटंचाई: कारणे आणि परिणाम' असा विषय मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला दिला होता. चौसष्ट कागद आले. त्यांतील चाळीसहून अधिक कागदांचे पहिले वाक्य एकच होते: "महाराष्ट्र हे भारतातील एक प्रगत राज्य आहे." पुढे सह्याद्री, पर्जन्यछायेचा प्रदेश, हवामानबदल, उपाययोजना अशी ओळीने प्रकरणे. तीसेक जणांनी मध्येच कंसात 'आकृती 3.2 पहा' असे इमानाने लिहिले होते, आणि आकृती कोणाच्याच कागदावर नव्हती. 2016च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, हे पन्नास जणांनी लिहिले होते; स्वतःच्या गावात येणारा टँकर एकाही कागदात नव्हता. सतरा-अठरा गुणांच्या चालीप्रमाणे हे सगळे कागद उत्तम होते. समासाची रेघ सर्वांनी आखली होती.

आष्टीकडच्या एका वाडीतून येणाऱ्या मुलाला मी बोलावून विचारले, "तुझ्या गावाला टँकर येतो का रे?"

"येतो की सर. मार्चपासूनच."

"मग ते कुठं लिहिलंस?"

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ते लिहायचं असतं व्हय सर?"

या प्रश्नात आमच्या अध्यापनाचा पुरता निकाल लागला होता. मी त्याला आठ दिवस दिले. त्याने दोन पाने आणून दिली. टँकर सार्वजनिक विहिरीत रिकामा होतो, त्यामुळे पाणी वाटले जात नाही, ओढावे लागते. ज्याच्या घरात पोहरा ओढणारे हात जास्त त्याला जास्त. वरच्या आळीची माणसे आधी भरतात आणि वस्तीवरच्या बायका कडेला थांबतात. कागदोपत्री खेपा तीन, पण गावात येतात दोन. तहसीलने अधिग्रहित केलेल्या बोअरच्या मालकाला पैसे मिळतात, तरी त्याच्या शेतातून वाट देण्यावरून भांडण होते. बहीण दहावीत असून टँकरच्या दिवशी शाळेत जात नाही. त्याने एकदाही 'जात', 'लिंगभाव', 'सामाजिक स्तरीकरण' हे शब्द वापरले नव्हते, पण मी वर्षभर ज्या गोष्टी त्या शब्दांनी शिकवत होतो त्या सगळ्या तिथे विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. आणि दुसरीकडे, प्रत्येक ओळीत दोन-तीन चुका होत्या. 'पाणी' कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. परिच्छेद पाडलेला नाही. शेवट नाही, लिहिता लिहिता पान संपले म्हणून थांबलेला. आणि मध्येच 'टँकर दिसला की बाया पळायलेत' असे वाक्य.

आता या दोन पानांना किती गुण द्यायचे? निकष आधी ठरलेला नसेल तर या प्रश्नाचे उत्तर तपासणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर राहते. मी तेव्हा त्याला चौदा दिले आणि का दिले हे कोणाला सांगू शकलो नाही. त्याच सुट्टीत मी एका पाठकोऱ्या कागदावर वाटणी करायला बसलो. अनेकदा बदलून ती आज अशी आहे: स्वतः पाहिलेला, विचारलेला किंवा मूळ कागदपत्रांतून शोधलेला पुरावा: आठ गुण; त्या पुराव्यावरून केलेली कारणमीमांसा: पाच; माहिती कोठून, कोणाकडून घेतली याचा स्पष्ट उल्लेख: तीन; मांडणी: दोन; शुद्धलेखन: दोन. त्याखाली प्रत्येकाचे एक-एक उदाहरण, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत 'कमाल चार पाने'. सत्राच्या पहिल्या आठवड्यात हा कागद प्रत्येकाच्या हातात जातो. पहिल्या वर्षी तो वाचून एका मुलाने विचारले होते, "सर, चारपेक्षा कमी लिहिलं तर मार्क कापणार का?" सवय जायला वेळ लागतो.

पुराव्याला आणि उल्लेखाला एवढे वजन का, असे विचारणाऱ्यांना मी एका विद्यार्थ्याच्या स्वाध्यायाचे उदाहरण देतो. 9 मे 1916 रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवाद वर्गात, पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. ज्यांचे नाव आज आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तो विद्यार्थी होते. या निबंधाचे पुढे झालेले मोठेपण आपण जाणतो, पण तो मुळात वर्गात वाचण्यासाठी लिहिलेला होता, हे आपण विसरतो. तो कसा रचला आहे ते पाहावे. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या लेखक आधी ज्याच्या त्याच्या नावावर मांडतो. मग एकेकीत काय अपुरे आहे ते दाखवतो. केतकरांना तो इतरांपेक्षा अधिक श्रेय देतो, आणि लगेच त्यांच्याशी वादही घालतो: आंतरविवाहाची बंदी आणि जन्मावरून सभासदत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वेगळी नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे तो म्हणतो, आणि तेथून जातीच्या बंदिस्त विवाहाकडे, म्हणजे स्वतःच्या मुद्द्याकडे वळतो. शेवटी आपली मते अंतिम नाहीत, ती टिकत नाहीत असे कोणी दाखवून दिले तर सोडून द्यायला आपण तयार आहोत, असेही नमूद करतो.

दुसऱ्याचे दुसऱ्याच्या नावावर ठेवणे, त्यात काय घ्यायचे आणि काय नाही हे सांगणे, मग आपले ठेवणे, आणि चुकण्याची वाट मोकळी ठेवणे: महाविद्यालयीन लेखनाचे नियम म्हणून याहून वेगळे काय सांगायचे असते? हे पदवीच्या पोरांना झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे की 'काकांनी सांगितले की बोअर सहाशे फूट गेला, पण शेजारच्यांच्या मते चारशेच' असे वाक्य लिहिणाऱ्या मुलीने हेच सगळे एका वाक्यात केलेले असते. तिला फक्त तेवढे सांगायला हवे की याला गुण आहेत.

उल्लेखाच्या बाबतीत आमच्या व्यवस्थेत एक विचित्र पोकळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम केले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ समजले जाते. दहा ते चाळीस टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचे. चाळीस ते साठ टक्के असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. अवतरणात उल्लेखासह घेतलेला मजकूर त्यातून वगळला जातो, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही. एवढा काटेकोरपणा असलेल्या याच विनियमांतून स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका मात्र स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवल्या आहेत. यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. अठरा वर्षांच्या मुलाला गाइडातला उतारा घेतल्याबद्दल नोंदणी रद्द करण्याची धमकी देणे वेडेपणाचे ठरले असते. पण त्याचा परिणाम असा झाला की पदवीची सगळी वर्षे आणि त्यापुढची बहुतेक वर्षे उतरवणे हाच अभ्यास असतो, आणि पीएचडीच्या दारात एकदम संगणक टक्केवारी मोजायला बसतो. तेव्हा माझ्याकडे येणारे संशोधक विद्यार्थी 'सर, साम्य कसं कमी करायचं?' असे विचारतात. उतारा कोणाचा आहे हे कसे सांगायचे, असे विचारत नाहीत, कारण त्यांना ते कधी कोणी शिकवलेलेच नसते. दंडाचा नियम वरून येऊ शकतो. शिकवण्याचा नियम पहिल्या वर्षाच्या वर्गातच करावा लागतो, आणि तो करायला आयोगाने कोणाला मनाई केलेली नाही.

शुद्धलेखनाला वीसपैकी दोनच गुण ठेवल्यावरून आमच्या मराठी विभागातील एक सहकारी माझ्यावर अजून नाराज आहेत. "तुम्ही समाजशास्त्रवाले मराठी बुडवणार," असे ते चहा पिताना सुनावतात, आणि त्यांच्या रागाला आधार नाही असे मी म्हणणार नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 मध्ये चौदा होते, 1972 मध्ये चार वाढून अठरा झाले. अठरा नियम पदवीधराला येऊ नयेत, हे काही भूषण नाही. पण थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत असलेल्या आमच्या पाच जिल्ह्यांतल्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची वाट तिकडूनच जात होती. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले 1958 मध्ये. म्हणजे या भागात विद्यापीठीय मराठी लेखनाचा वारसा जेमतेम तीन पिढ्यांचा, आणि ज्यांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले पहिलेच माणूस आज माझ्या वर्गात बसले आहे त्यांच्यासाठी तो वारसा आजपासून सुरू होतो. घरात जे बोलले जाते ते 'करायलेत', 'जायलेत' आहे. प्रमाण मराठी हा आमच्या विद्यार्थ्याला शिकवण्याचा विषय आहे, त्याने घरून आणण्याचा नाही. आणि जे आपण शिकवले नाही त्याचे गुण आपण कापतो तेव्हा कापणी कोणाच्या शेतात होते, हे उघड आहे.

म्हणून मी सवलत देतो असे मात्र कोणी समजू नये. कागदावरची प्रत्येक चूक मी खूण करून दाखवतो. गुण दोनच्या वर जात नाहीत एवढेच. वाक्य असे मोडले असेल की अर्थच लागत नाही, तर ते कारणमीमांसेच्या पाचांतून जाते, कारण तेथे लेखन आणि विचार वेगळे काढता येत नाहीत. विवेचन प्रमाण मराठीत हवे, हा नियम पत्रकावर आहे. पण विहिरीवरच्या बाईचे शब्द उद्धृत करताना तिच्या तोंडी 'आम्ही पाण्यासाठी प्रतीक्षा करीत असतो' असे वाक्य घातले तर मी गुण कापतो, कारण मग तो पुरावा राहत नाही. महामंडळाच्या नियमांतही व्यक्तीच्या तोंडची वाक्ये उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहेच. खरे सांगायचे तर मला 'पाणि' या ऱ्हस्व वेलांटीपेक्षा 'सदर प्रकल्पाद्वारे प्रस्तुत समस्येवर प्रकाशझोत टाकण्यात आलेला असून' या वाक्याची अधिक भीती वाटते. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नसते, आणि दुसरेही काही नसते.

हे वाक्य आता मोबाइलही लिहून देतो. चॅटजीपीटीला विषय सांगितला की तो स्वच्छ मराठीत चार पाने देतो आणि मुले ती सुवाच्य अक्षरात वहीवर उतरवतात. हस्तलिखिताच्या नियमाने अक्षर वळणदार होण्यापलीकडे काही साधत नाही. यंत्राचा मजकूर ओळखणारी दुसरी यंत्रे विकत घेण्याचे बेत मी ऐकतो. त्यांच्या निर्णयावर एखाद्या मुलीला नापास करण्याची माझी तयारी नाही. माझ्या पत्रकात याविषयी दोन ओळी आहेत: मोबाइलची मदत घेतली असेल तर कशासाठी घेतली ते लिहावे, आणि कागद जमा केल्यावर पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारले जातील. तुमच्या गावच्या टँकरच्या चालकाशी तुम्ही बोललात का, हे मोबाइलला माहीत नसते. आठ गुणांचा भागच असा ठेवला की तो उतरवता येत नाही, तर पहारा ठेवण्याची गरज बरीच कमी होते.

वेळेचा आक्षेप सर्वांत रास्त आहे. एकशेवीस विद्यार्थ्यांचा वर्ग, एका कागदाला दहा मिनिटे, म्हणजे एका स्वाध्यायाला वीस तास. विषय तीन असतील तर साठ. त्यात ज्या विभागांत निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावरील सहकारी करतात तेथे त्यांना तासाचे मानधन मिळते, घरी बसून तपासलेल्या कागदांचे नाही. यावर उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण पाच स्वाध्याय घेऊन एकही न वाचण्यापेक्षा दोन घेऊन दोन्ही वाचावेत, आणि सात पानांऐवजी चार मागावीत, एवढे तरी विभागाच्या हातात असते. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत घटकनिहाय तासिका छापताना तपासणीचे तासही कार्यभारात धरावेत, ही मागणी प्राध्यापक संघटनांनी वेतनाच्या मागण्यांइतक्याच आवाजात करायला हवी होती. अजून तरी ती मी कोणत्याही मोर्चात ऐकलेली नाही.

मुदतीचा नियम लिहिताना मला सर्वाधिक खाडाखोड करावी लागली. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या तालुक्यातून कोयते निघतात. वर्गातली काही मुले-मुली आईवडिलांबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलात परततात. पूर्वी त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लागे, किंवा एखादा दयाळू प्राध्यापक न लिहिलेल्या कागदाला पंधरा देई. हे दोन्ही सारखेच अपमानाचे आहे. आता नियम असा आहे की उशिराच्या प्रत्येक आठवड्याला एक गुण जातो, हा सर्वांना लागू. पण कामासाठी गाव सोडणाऱ्याने जाण्याआधी विषय ठरवून नेला तर त्याची मुदत परतल्यानंतर पंधरा दिवस. ही अट पत्रकावर छापलेली आहे, त्यामुळे कोणाला दालनात येऊन हात जोडावे लागत नाहीत. ती वाचून एका पालकाने, "मग आमच्या पोरानं काय घोडं मारलं, तो पण उशिरा देईल," असा वाद घातला होता. मी म्हणालो, "त्यालाही कोयत्यावर पाठवा, मुदत मिळेल." ते बोलायला नको होते, पण बोलून गेलो.

तपासलेला कागद परत देण्याची पद्धत आमच्याकडे जवळपास नाहीच. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार माहिती अधिकाराच्या कायद्याखाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितले. पण अंतर्गत स्वाध्यायाचे गठ्ठे विभागाच्या कपाटात महाविद्यालयाची पाहणी करणाऱ्या समितीच्या भेटीपर्यंत पुरावा म्हणून राहतात आणि नंतर रद्दीत जातात. ते पाहायला मागावे असे विद्यार्थ्याला वाटत नाही, कारण त्यावर वाचण्यासारखे काही नसते, कोपऱ्यात बरोबरची खूण आणि सही. मी समितीसाठी छायाप्रती ठेवतो आणि मूळ कागद परत देतो. त्याचा खर्च होतो, आणि वादही होतात.

गेल्या एप्रिलमध्ये कारखान्यावरून परतलेल्या एका विद्यार्थिनीने 'उचल', म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून तोडणीआधी मिळणारी आगाऊ रक्कम, या विषयावर साडेतीन पाने दिली. एका कोयत्याला, म्हणजे तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, किती उचल मिळाली, त्यातली किती फिटली, किती अंगावर राहिली, आजारपणाचे खाडे कसे वजा झाले, याचा आपल्याच घरचा हिशेब तिने मांडला होता. मी तेरा गुण दिले. उल्लेखाच्या तीनपैकी एकच दिला आणि शेरा लिहिला, 'मुकादमाकडून घेतलेली माहिती कोणाची, हे स्पष्ट नाही.' दुसऱ्या दिवशी ती नियमपत्रक आणि कागद दोन्ही घेऊन विभागात आली.

"सर, यात लिहिलंय की माहिती कुणाकडून घेतली ते सांगावं, आणि सांगता येत नसेल तर कारण द्यावं. मी कारण दिलंय."

मी कागद पुन्हा पाहिला. तिसऱ्या पानाच्या तळाशी, समासाच्या रेघेलगत, बारीक अक्षरात एक ओळ होती: 'मुकादमाचे नाव लिहिले नाही, कारण पुढच्या वर्षीची उचलही बाबांना त्यांच्याकडूनच घ्यायची आहे.' तपासताना ती माझ्या नजरेतून सुटली होती. एक खोडून मी तीन केले, तेराचे पंधरा केले, शेऱ्याखाली तारीख घालून सही केली, आणि छायाप्रतीवरही तशीच दुरुस्ती केली.